पंचेचाळिशी की साठी : वार्धक्याच्या पाहण्यांमागची पार्श्वभूमी

ज्येष्ठांच्या पाहण्या आपल्याकडे नव्या नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ४२व्या फेरीत (१९८६-८७) साठीपुढच्या लोकांना वेगळे प्रश्न विचारले गेले. मग ५२व्या (१९९५-९६) आणि ६०व्या (२००४) फेरीत. पण दर वेळी माणसं नवी. २००४ साली ज्या बाईंचे गुडघे धरले होते, त्या पुढे काठीवर आल्या की अंथरुणाला खिळल्या, हे त्या आकड्यांतून कळायला मार्ग नव्हता.

त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची पद्धत अमेरिकेतल्या बाल्टिमोरला १९५८ पासून चालू होती, तीही पहिली वीस वर्षं फक्त पुरुषांवर. अमेरिकेची राष्ट्रीय पाहणी १९९२ ची, इंग्लंडची २००२ ची. भारतात तशी पाहणी, म्हणजे 'लासी' (लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया), यायला २०१७ उजाडलं. त्याआधी २०१० मध्ये कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थानात रंगीत तालीम झाली होती. जबाबदारी होती मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेवर.

खरा वाद झाला तो कितव्या वर्षापासून मोजायचं यावर. इंग्लंडने पन्नाशी धरली, कोरियाने (२००६) आणि चीनने (२०११) पंचेचाळिशी. भारतानेही ४५ घेतले, आणि जोडीदार मात्र कोणत्याही वयाचा चालेल असं ठरवलं. आपला २००७ चा पालक-ज्येष्ठ नागरिक कायदा साठीला ज्येष्ठ म्हणतो, तर एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीला. मग पंचेचाळीस कशाला?

बाजूने मांडलेला मुद्दा बिनतोड आहे. मधुमेह आणि हृदयविकार इथे लवकर गाठतात. साठीला मोजायला सुरुवात केली तर जे पंचावन्नाव्या वर्षीच गेले ते हिशेबातच येत नाहीत. उरतात ते मुळातच काटक. त्यांच्याकडे बघून साखरेचा आजार फारसा घातक नाही, असा निष्कर्षही निघू शकतो. नवशिका संशोधक हमखास फसतो तो इथेच.

किंमतही मोजावी लागलीच. पहिल्या फेरीत (२०१७-१८) ७२,२५० माणसं. त्यांत साठीपुढची ३१,४६४ आणि पंचाहत्तरीपुढची जेमतेम ६,७४९. ही संख्या राज्यवार, मग स्त्री-पुरुष, मग गाव-शहर अशी फोडली की रकान्यात मूठभर माणसं राहतात. ज्यांना आंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्याविषयी सर्वांत कमी कळतं. पंचेचाळीस हा निर्णय योग्यच होता, पण पंचाहत्तरीपुढचा नमुना मुद्दाम वाढवायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही.

हे झालं धोरणाचं. दारात उभं राहिल्यावर निराळाच घोळ. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २०१७ मध्ये पंचेचाळीस पूर्ण केलेला माणूस १९७२ च्या आत-बाहेर जन्मलेला, म्हणजे नमुन्यातले बहुसंख्य लोक कायद्याच्या आधीचे. महाराष्ट्रात तर एका पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी दाखल्यावर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. साल बसवायचं ते मूल पहिलीत बसेल अशा बेताने! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांकडे तेवढाही कागद नाही. काहींच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष.

म्हणून पाहणी करणाऱ्यांना प्रशिक्षणात घटनांचं कॅलेंडर, म्हणजे सगळ्यांना आठवणाऱ्या घटनांवरून वय काढायला, शिकवतात. "आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?" "झालं होतं की. थोरला मांडीवर होता." भूकंप डिसेंबर १९६७ चा. लग्न कितव्या वर्षी, पहिलं मूल किती वर्षांनी, हे विचारत गेलं की जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं. पुण्यात पानशेतचा पूर (१९६१), मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ, गोव्यात डिसेंबर १९६१ ची मुक्ती. एका गावचं कॅलेंडर दुसरीकडे चालत नाही.

एवढं करूनही ६०, ६५, ७० या आकड्यांवर माणसांचे ढीग लागतात. ते मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात : ढीग अजिबात नसेल तर १००, सगळीच वयं शून्य किंवा पाचवर संपत असतील तर ५००. गंमत अशी की त्याचं नेहमीचं सूत्र २३ ते ६२ याच वयांसाठी आहे. ज्या टोकाला घोळ जास्त, तिथे ते पोहोचतच नाही. शिवाय सवलतीही वयाला ओढतात. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टीला मिळतं, तेव्हा त्रेसष्टची आजी पासष्टची झाली तर तिला दोष कुणी द्यावा?

पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पाहणीत हे सारं उघडं पडतं. आधीच्या फेरीत ६५ सांगणारे आजोबा नंतरच्या फेरीतही ६५ च सांगतात. अनुभवी माणसं अशा वेळी जुना आकडा खोडत नाहीत. सांगितलेलं वय, कागदावरचं वय आणि घटनांवरून काढलेलं वय असे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवतात. आता ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत मोफत उपचार आहेत, आणि तिथे आधारवरचंच वय चालतं. त्यामुळे पुढच्या पाहण्यांत वय विचारलं की घरातून थेट कार्डच पुढे येईल आणि पहिला रकाना हळूहळू दुसऱ्याचीच नक्कल होईल, असं दिसतं.