२११ नंतरचं पडीक रान

खानापूरला एका ओळखीच्या घरी आठवीतली मुलगी वहीत मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानंच भाग न जाणाऱ्या संख्या, शोधत बसली होती. ८९ नंतर तिनं ९०, ९१, ९२ अशी ९६ पर्यंत सलग काट मारली आणि म्हणाली, "मूळ संख्या संपल्या की हो काका!" तिचा धाकटा भाऊ कन्नड शाळेत जातो, तो त्यांना अविभाज्य संख्या म्हणतो. त्याचंही मत तेच पडलं.

पुढच्याच घरात ९७ उभी होती. मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलंय. पण मधलं, एकही मूळ संख्या नसलेलं पडीक रान हवं तेवढं लांब सापडतं, आणि मला वेड लावलंय ते यानं.

२, ३, ५, ७ यांचा गुणाकार २१०. त्यात २ मिळवा. २१० ला २ ने भाग जातो, २ लाही जातो, म्हणजे २१२ लाही जाणारच. ३ मिळवा, २१३ ला ३ ने भाग जातो. २ ते १० मधली कुठलीही संख्या घ्या, तिच्यात २, ३, ५, ७ पैकी एक तरी अवयव असतोच आणि तोच २१० मध्येही दडलेला असतो. म्हणून २१२ ते २२० या सलग नऊ संख्यांत एकही मूळ नाही. २१७ दिसायला मूळ वाटते, पण ती ७ × ३१.

आता ११ नेही गुणा: २३१०. इथं २३११ नंतरची मूळ संख्या थेट २३३३! मग १३, १७ घेत जा, रान वाढतच जातं.

उलट बाजूला ११ आणि १३ सारख्या, दोनच्या अंतरावरच्या जोड्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत. पुढे जेम्स मेनार्ड आणि इतरांनी ती मर्यादा २४६ वर आणली.

आकड्यांत खरी नवलाई ही आहे. आमच्याकडे गाडीच्या नंबरची बेरीज ९ यावी म्हणून लोक जादा पैसे मोजतात. बेरीज ९ आली म्हणजे त्या नंबराला ९ ने भाग जातो, एवढंच. अपघात त्यानं टळत नाही, हेल्मेटनं जीव वाचतो.

मुलगी २२१ ला अडली. ही संख्या आमच्या नियमाबाहेरची. २, ३, ५, ७, ११ लावून झाले, बाकी उरतच होती. "तेरा लावून बघ," म्हटलं. सतरा वेळा गेला, बाकी शून्य. २२२ तर सम. तिनं दोन्हींवर काट मारली आणि २२३ भोवती गोल काढला.