थेंबाच्या मधोमध

काकांची 1984 सालची मॅटाडोर कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरामागे पाच पावसाळे उभी होती. एके काळी तिने वऱ्हाडं नेली, जोतिबाच्या खेट्यांना माणसं नेली, उसाच्या हंगामात डिझेलचे कॅनही वाहिले. गेल्या दिवाळीत ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं. इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. पत्र्याने दिला. मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली रुपयाएवढा फुगा आला होता. त्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

उद्यमनगरातल्या डेंटरने एक नजर टाकली. “लांबी भरून देतो. दोन पावसाळं काढंल. तिसऱ्याला परत या.”

लांबी म्हणजे पत्र्यातले खळगे भरायची पुट्टी. हा हिशोब त्याने अनुभवाने मांडलेला. त्यामागचं कारण मात्र पाण्याच्या एका थेंबात दिसतं.

पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवा आणि तासा-दोन तासांनी पाहा. गंज कुठे धरेल? थेंबाच्या कडेला हवा भरपूर, म्हणजे तिथेच, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कडेचा पत्रा बराचसा शाबूत राहतो. तांबूस कडं उमटतं ते कडेच्या आत, आणि थेंब पुसला की झिजलेलं दिसतं ते मधलं लोखंड, जिथे प्राणवायू सगळ्यात कमी पोचतो. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग नीट मांडला, आणि गंजणं ही विजेचीच भानगड आहे हे त्यातून उघड्या डोळ्यांनी दिसू लागलं.

थेंबाखालचा पत्रा म्हणजे एक चिमुकली बॅटरी. मधल्या भागातलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि पाण्यात विरघळतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेला जातात. तिथे प्राणवायू आणि पाणी मिळून ते उचलतात. त्यातून हायड्रॉक्साइड तयार होतं, कडेचं पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथल्या लोखंडाला उलट संरक्षण मिळतं. विरघळलेलं लोखंड आणि कडेकडून येणारे हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, तिथे तांबडा साका बसतो. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि खड्डा पडतो दुसऱ्याच जागी. पाण्यात मीठ असलं की वीज सहज वाहते आणि हे सगळं भराभर होतं.

आता दाराकडे या. दाराचा बाहेरचा पत्रा तळाशी आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पडायला हवं, असं म्हणतो. आमच्या गाडीची ती भोकं लाल मातीने बुजली होती. दुमडीतला ओला चिखल म्हणजे कधीही न वाळणारा थेंबच. त्याच्या पोटात हवा नाही, कडेला आहे. कोल्हापुरात जुलैमध्ये धुतलेला टॉवेल चार दिवस सुकत नाही, तिथे दुमडीतला चिखल कुठला सुकायला? शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. तो आतून फुगला की दुमड उसवते, रंग उचलला जातो आणि नवीन फटी पडतात. बाहेरचा रुपयाएवढा फुगा ही या प्रकरणातली सगळ्यात शेवटची घटना. आतून पाहिलं तेव्हा तळहाताएवढा पत्रा चाळणी झाला होता.

लांबी इथेच फसते. ती बाहेरून लागते आणि पाणी आतून येतं. त्यातून पॉलिएस्टरच्या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, त्यामुळे ती ओलावा शोषते. चांगल्या पत्र्यावरचा खळगा सपाट करायला लांबी उत्तम. भोक बुजवायला ती लावणं म्हणजे किडक्या दाताला पांढरा रंग देणं.

पत्रा कापलाच, पण आतल्या पट्ट्यांवर पातळ, चिकटून बसलेला गंज होता, तो मात्र वाचवता येण्यासारखा होता. बाजारात गंजावर लावायचं औषध मिळतं, रस्ट कन्व्हर्टर. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजातल्या लोखंडाला धरून निळसर काळं, पाण्यात न विरघळणारं फेरिक टॅनेट बनवतं. कोल्हापूरकराला हे नवं नाही. आपल्या चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात, आणि दोन्हींत टॅनिनच असतं. अशा ओल्या कातड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून शाई करायचे, तीही याच जातीची. फक्त हे औषध वरच्या थराला लागतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते ओतून उपयोग नाही. आधी वायर ब्रश.

वेल्डिंग मी स्वतः केलं, आणि पहिला पॅच वाया घालवला. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. तापलेली जागा पसरू पाहते, भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती तिथेच दबते. थंड होताना मात्र ती आकसते आणि दबलेली असल्यामुळे मूळ मापापेक्षा लहान होते. मग सगळं दार पापडासारखं वाकडं. गॅस वेल्डिंगची ज्योत मोठा भाग तापवते म्हणून हे जास्त होतं. म्हणून वर्कशॉपमध्ये ज्याला सीओटू म्हणतात, ते विजेच्या ठिणगीने लहानशीच जागा तापवणारं मशीन भाड्याने आणलं. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मधे हात लावून बघण्याइतकी विश्रांती. वीतभर सांध्याला अख्खी दुपार गेली. (बॅटरीची वायर आधी काढा, डिझेलची टाकी लांब ठेवा. आणि जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं.)

पॅच जुन्या पत्र्यावर चढवून लावणं सोपं असतं. बहुतेक घरगुती दुरुस्त्या तशाच असतात. पण दोन पत्र्यांमध्ये जी फट राहते, ती पुन्हा थेंबाचा मधला भाग! पाणी आत, हवा बाहेर. गंज बरा करताना आपणच पुढच्या गंजाला घर बांधून देतो. म्हणून मी कडेला कड भिडवून सांधा केला आणि ज्या दुमडीला पर्याय नव्हता तिच्यात सीलंट भरलं. वरून रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात. त्यातला लाल रंग फेरिक ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. गेरूतही तोच असतो. त्याला आणखी गंजायचं उरलेलं नसतं, म्हणून तो रंगात निवांत बसतो.

शेवटी डेंटरला दार दाखवायला नेलं. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं, मान हलवली, मग खाली वाकून बघितलं. नव्या कोऱ्या पत्र्याच्या तळाला मी ड्रिलने तीन भोकं पाडली होती.

“भोक बुजवायलाच आलतासा न्हवं?” तो म्हणाला.