नेम, भीती आणि एक मिलिमीटर

गेल्या रविवारी टेक्सासहून भाच्याचा फोन आला. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो, नुकतंच तिकडचं नागरिकत्व मिळालं. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, एक विचारू? इथे आता पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. ऑफिसातले बरेच जण बाळगतात. मुलांना घेऊन मॉलमध्ये शिरताना छातीत धस्स होतं. घेऊ का एक?"

त्याची भीती खरी आहे. 6 मे 2023 रोजी जवळच्याच ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार करून 8 जणांना मारलं. भाच्याच्या घरची मंडळी सेलच्या दिवसांत त्याच मॉलला जातात. मी फोनवर 'नको रे' एवढंच म्हणालो. पण तो इंजिनिअर आहे, नुसत्या 'नको'ने त्याचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

ज्या समजुतीतून हा प्रश्न येतो ती अमेरिकेत एका वाक्यात सांगितली जाते. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि 6 कर्मचारी मारले गेले. त्यानंतर आठवड्याभरात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचे वेन लापिएर म्हणाले, की बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला थांबवतो तो फक्त बंदूक घेतलेला चांगला माणूस. तसं कधी घडतच नाही असं मात्र नाही. 17 जुलै 2022 रोजी इंडियानातल्या ग्रीनवूडच्या मॉलमध्ये हल्लेखोराने 3 जणांना मारलं होतं. तिथे आलेल्या 22 वर्षांच्या एका तरुणाने खांबाचा आधार घेऊन सुमारे 40 यार्डांवरून, म्हणजे 36 मीटरवरून पिस्तूल चालवलं. 10 गोळ्या झाडल्या, 8 लागल्या, 15 सेकंदांत सगळं संपलं. त्याने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद नाही. त्याच्या धैर्याला मनापासून नमस्कार.

प्रश्न असा, की हे नियमाने घडतं की अपवादाने. टेक्सास स्टेट विद्यापीठातल्या ॲलर्ट या केंद्राने 2000 ते 2021 या काळातल्या अशा 433 हल्ल्यांचा शेवट कसा झाला याची नोंद ठेवली आहे. त्यातले 249 पोलीस पोहोचण्याआधीच संपले. बहुतेक वेळा हल्लेखोर निघून गेला किंवा त्याने स्वतःला संपवलं. उपस्थितांनी त्याला रोखलं असं 64 वेळा झालं. त्यातल्या 42 वेळा त्याला धरून पाडलं, 22 वेळा त्याच्यावर गोळी झाडली. या 22 पैकी सुरक्षारक्षक आणि सुट्टीवरचे पोलीस वगळले तर साधे नागरिक उरतात 12. म्हणजे 433 मध्ये 12, तीन टक्क्यांहूनही कमी.

याला आव्हान देणारेही आहेत. जॉन लॉट नावाचे अर्थशास्त्रज्ञ हे प्रमाण कितीतरी मोठं असल्याचं सांगतात, कारण कोणती घटना मोजायची याची त्यांची व्याख्या वेगळी आहे. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 12 हा आकडा छोटा आहे एवढ्यावरून पिस्तूल निरुपयोगी ठरत नाही. कदाचित बाकीच्या ठिकाणी पिस्तूलवालं कुणी हजरच नसेल. भागाकारातला खरा छेद हवा तो 'जिथे सशस्त्र माणूस होता अशा घटना' हा, आणि तो आकडा सहसा कुणी नोंदवत नाही. शाळांपुरता तो काढायचा एक प्रयत्न 2021 मध्ये झाला. 1980 ते 2019 मधल्या 133 घटना तपासल्या, तेव्हा जिथे सशस्त्र रक्षक होता तिथे मृत्यूंचं प्रमाण रक्षक नसलेल्या ठिकाणांच्या 2.83 पट निघालं. रक्षकामुळे माणसं मेली असा याचा अर्थ नाही. रक्षक असल्याने हल्ला टळला किंवा आवरला, असं मात्र या आकड्यांत दिसत नाही.

ग्रीनवूडची गोष्ट जगभर पोहोचते याचं कारण नवसासारखं आहे. ज्याला नवस पावतो तो पेढे वाटतो, देवळात घंटा बांधतो. ज्याला पावत नाही तो गप्प बसतो, आणि देव मात्र 'नवसाला पावणारा' ठरतो. कमरेचं पिस्तूल असंच ताईत होऊन बसतं. ताईत निदान दुसऱ्या कुणाला लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. तो मला कॉलेजात एनसीसीला असताना कळला.

पॉइंट टू-टू रायफल, 25 मीटरवर टार्गेट, पोटावर झोपून 5 गोळ्या. हवालदारसाहेब कानाशी वाकून सांगत, "साँस रोको, फिर दबाओ." पहिल्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. पुढच्या वेळी बस चुकली म्हणून दोन किलोमीटर पळत आलो आणि धापा टाकत तसाच झोपलो. रायफल तीच, अंतर तेच. गोळ्या कागदभर विखुरल्या, एक तर कागदालाही शिवली नाही. समोरून कुणी माझ्यावर गोळी झाडत नव्हतं. मी फक्त पळून आलो होतो.

असं का होतं ते दहावीच्या भूमितीत आहे: समरूप त्रिकोण. नेम धरताना मागची खाच आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा) एका रेषेत आणायची. पिस्तुलावर या दोहोंत सुमारे 16 सेंटिमीटर अंतर असतं. समजा, हात थरथरला आणि माशी खाचेच्या मधोमध न राहता 1 मिलिमीटर सरकली. कोन झाला 1 भागिले 160 रेडियन, अंशांत सांगायचं तर 0.36. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणजे आपली चूक चंद्रबिंबाहूनही लहान. पण लक्ष्य जितकं लांब तितका त्रिकोण पसरत जातो. 10 मीटरवर ही चूक 6 सेंटिमीटर होते, ग्रीनवूडच्या 36 मीटरवर साडेबावीस. माणसाच्या छातीच्या मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना जेमतेम वीसेक सेंटिमीटर मिळतात. एका मिलिमीटरने गोळी बाजूने निघून गेली. ती हवेत विरत नाही, मागे जो असेल त्याच्याकडे जाते.

रायफलीवर हेच अंतर पन्नास-साठ सेंटिमीटर असतं, शिवाय तिला खांद्याचा आधार असतो. तेवढ्याच थरथरीने तिची चूक तीन-चार पटींनी कमी होते. मोठे हल्ले करणारे अनेकदा रायफल घेऊन येतात आणि खिशात पिस्तूल असलेला माणूस त्यांच्यासमोर उभा राहतो, तेव्हा भूमिती आधीच हल्लेखोराच्या बाजूने झुकलेली असते.

मग ही थरथर येते कुठून? आपला हात एरवीही सेकंदाला 8 ते 12 वेळा सूक्ष्म कापत असतो. भीती वाटली की ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, ते स्नायूंतल्या बीटा-2 ग्राहकांवर, म्हणजे रसायनाचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या रेणूंवर, बसतं, आणि कंप वाढतो. दम्याचा पंप घेतल्यावर हात का थरथरतात हे अनेकांनी डॉक्टरांना विचारलं असेल. पंपातलं साल्ब्युटामॉल त्याच ग्राहकांवर काम करतं. उलट, बीटा ग्राहक अडवणारी औषधं हा कंप कमी करतात, म्हणून नेमबाजीत त्यांवर बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची पिस्तुलातली दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल हे असंच औषध सापडल्यामुळे काढून घेतली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटरवर कांस्य मिळवलं, त्यामागे हा कंप ताब्यात ठेवायची वर्षानुवर्षांची साधना आहे. तीही अशा जागी, जिथे समोरचं लक्ष्य हलत नाही आणि उलट गोळी झाडत नाही.

चापाची गोष्ट आणखी गमतीची आहे. एक प्रयोग करा. हाताचा पंजा उघडा ठेवून फक्त करंगळीशेजारची अनामिका वाकवा. शेजारची बोटं थोडी का होईना ओढली जातात, कारण बोटं मिटवणारे स्नायू कोपराखाली एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांना हुकूम देणारे मेंदूतले भागही. तर्जनी यातल्या त्यात स्वतंत्र. पण घाबरून जोर लावला की तीही एकटी राहत नाही, सगळी मूठ आवळली जाते. नेहमीच्या वापरातल्या पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण अडीच किलोंचा जोर लागतो, आणि भरलेलं पिस्तूल जेमतेम 900 ग्रॅमचं. वस्तूच्या वजनाच्या अडीच-तीनपट जोर लावायचा आणि ती मिलिमीटरभरही हलू द्यायची नाही! उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात त्या याच मुठीमुळे.

डोळाही साथ सोडतो. नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला हवी, ती डोळ्यापासून हातभर लांब. भीतीने बाहुली मोठी होते आणि डोळ्याचं भिंग दूरचं पाहण्यासाठी सैलावतं. नेत्रतपासणीचे थेंब घातल्यावर मोबाइल वाचता येत नाही, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. शिवाय नजर मुळात धोक्यालाच खिळते. गोळीबाराला सामोरं गेलेल्या अमेरिकन पोलिसांना विचारलं, तेव्हा दर पाचांतल्या चौघांच्या आसपास लोकांनी आवाज दबल्यासारखे झाले, आजूबाजूचं दिसेनासं झालं, असं सांगितलं. नेदरलँड्समध्ये पोलिसांवर प्रयोग झाले: समोरचा माणूस रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणार. एवढ्यानेच पोलीस घाईने गोळी झाडू लागले, डोळे जास्त वेळ मिटू लागले, नेम बिघडला. दबावाखाली सराव करून घेतल्यावर तो सुधारला हेही तिथेच दिसलं. म्हणजे उपाय आहे, पण तो सरावात आहे आणि सराव सतत चालू ठेवावा लागतो. पिस्तूल विकत घेतलं की तो आपोआप अंगी येत नाही.

या सगळ्याची गोळाबेरीज न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदींत सापडते. 1998 ते 2006 मध्ये दोन्हीकडून गोळीबार झाला तेव्हा पोलिसांच्या 100 पैकी 18 गोळ्या लक्ष्याला लागल्या. समोरून गोळीबार नसतानाही 30. ही प्रशिक्षित माणसं. 24 ऑगस्ट 2012 रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी तीन मीटरहूनही कमी अंतरावरून एका खुन्यावर 16 गोळ्या झाडल्या. तो मेला. रस्त्यावरचे 9 जण जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी.

आता समजा, भाच्याचा नेम कुसाळेसारखा आहे. झाडायची कुणावर? मॉलमध्ये 1 हल्लेखोर आणि 10 सज्जन सशस्त्र माणसं आहेत, एकमेकांना अनोळखी. प्रत्येक सज्जनाला हातात बंदूक असलेले 10 जण दिसतील, त्यांतला दोषी एक. दारातून आत येणाऱ्या पोलिसाला 11 दिसतील. बंदुका जितक्या जास्त, तितकं खऱ्या हल्लेखोराला ओळखणं अवघड. 7 जुलै 2016 रोजी डॅलसमध्ये मोर्च्याच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांवर गोळीबार झाला, तेव्हा मोर्च्यातलेच काही जण उघडपणे रायफली घेऊन चालत होते. कोण कुठल्या बाजूचा हे पोलिसांना कळेना. त्यातल्या एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनीच संशयित म्हणून जाहीर केला होता.

2011 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला. शेजारच्या दुकानातून एक सशस्त्र तरुण धावत आला. समोर हातात पिस्तूल घेतलेला माणूस. ते पिस्तूल त्या माणसाने हल्लेखोराकडून नुकतंच हिसकावून घेतलं होतं. तरुणाने स्वतःचं शस्त्र बाहेर काढलं नाही, म्हणून एक वीर वाचला. कोलोरॅडोतल्या आर्व्हाडाचा माणूस इतका सुदैवी नव्हता. जून 2021 मध्ये त्याने एका पोलिसाच्या खुन्याला अचूक टिपलं आणि त्याची रायफल उचलून घेतली. तेवढ्यात आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. नेम चुकला नव्हता, धैर्य कमी पडलं नव्हतं, तरी तो मेला.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं, तर त्याचा लगेच उलट प्रश्न: "मग काय, नुसतं बघत बसायचं?"

नाही. आधी पळायचं आणि इतरांना पळवायचं. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून माइकवर सांगत राहून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर काढलं. त्यांच्या हातात फक्त माइक होता. पळणं शक्य नसेल तर दार लावून लपायचं. आणि हल्लेखोर हाताच्या अंतरावर आला, पुढे-मागे वाटच उरली नाही, तर वर दिलेला आकडा आठवायचा: 42 वेळा धरून पाडलं. का जमलं असेल हे? त्याच त्रिकोणात पाहा. चूक म्हणजे कोन गुणिले अंतर. अंतर शून्य झालं की हात कितीही कापोत, चूक शून्य. शिवाय गोळी फक्त नळीच्या तोंडासमोर जाते. नळी ज्याच्या हातात, दिशा त्याच्या हातात. टूसॉनचा हल्लेखोर मॅगझिन बदलत होता तेव्हाच लोकांनी त्याला खाली पाडलं. एप्रिल 2018 मध्ये नॅशव्हिलच्या एका उपाहारगृहात 4 जण मारले गेले. गोळीबार थांबल्याच्या क्षणी एका ग्राहकाने रायफलीची नळीच धरली आणि ती हिसकावून काउंटरपलीकडे फेकली. नळी इतकी तापली होती की त्याचा हात भाजला.

जीव धोक्यात घालूनच हे करावं लागतं. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे त्या 26 नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर होते. जवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, आणि सहकारी कसाबवर झेपावेपर्यंत ती सोडली नाही.