आय-आयच्या बोटाने कुणी मरत नाही

मादागास्करला निशाचर सस्तन प्राणी पाहायला जाणाऱ्या गटांना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: आय-आय या लेमूरने (माकडांच्या दूरच्या नात्यातल्या प्राण्याने) ज्याच्याकडे बोट रोखलं, तो मरतो. हा समज निव्वळ खोटा आहे, आणि घातकही. त्यापायी काही गावांत हा प्राणी दिसताच मारला गेला आहे.

ते लांब, काडीसारखं मधलं बोट पोट भरण्यासाठी आहे. आय-आय त्याने खोडावर भराभर टिचक्या मारतो, मोठे कान लावून आतली पोकळी हेरतो, आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पुढच्या दातांनी लाकूड कुरतडतो आणि त्याच बोटाने अळी ओढून काढतो. या दातांमुळेच सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्याला खारींमध्ये गणलं होतं! नारळही तो असाच कोरतो, त्यामुळे शेतकऱ्यांचा राग समजू शकतो.

जगातला हा सर्वांत मोठा निशाचर प्रायमेट (माकडं, वानरं, लेमूर यांच्या गटातला प्राणी) आज संकटग्रस्त आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत रात्री प्रवेश नसतो, म्हणून वाटाडे हद्दीलगतच्या जंगलात फिरवतात. तिथे कुणी शापाची गोष्ट रंगवू लागलं, तर त्याला अळी काढण्याबद्दल विचारा. जाणता वाटाड्या कुरतडलेलं खोडही दाखवेल.