खुलासा: अल्कलाइन पाण्याने बायपासआधी रक्त ‘तयार’ होतं का?

‘बायपासच्या आधी आठवडाभर अल्कलाइन पाणी किंवा खाण्याचा सोडा घ्या, रक्तातलं आम्ल जाईल आणि ऑपरेशन सुरळीत होईल,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. घरात ऑपरेशन ठरलं की माणूस काहीही करायला तयार असतो, म्हणून तो पटतोही.

पण प्यायलेलं पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात जातं. पुढे जे रक्तात पोचतं, त्याचा हिशोब फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं करतात: फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जादा आम्ल किंवा अल्कली लघवीवाटे काढतात. म्हणून रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो. घरच्या पीएच तपासायच्या पट्टीवर रंग बदलतो तो लघवीचा, रक्ताचा नव्हे.

हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं सांभाळणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन होतं (काही बायपास धडधडत्या हृदयावरही होतात) तेव्हा फुफ्फुसांचं काम मशीनमधला ऑक्सिजनेटर करतो. परफ्युजनिस्ट (हे मशीन चालवणारा तज्ज्ञ) त्यातला वायूचा प्रवाह कमी-जास्त करून कार्बन डायऑक्साइड सांभाळतो. पेशींना रक्त कमी पडलं तर लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडल्यावर पेशींत साठणारा पदार्थ) वाढतं, पीएच घसरतो. मग आधी रक्तप्रवाह सुधारतात, गरज वाटल्यास शिरेतून बायकार्बोनेट (आम्ल शमवणारं औषध) देतात. आठवड्यापूर्वीच्या पाण्याचा इथे काही संबंध उरत नाही.

पडताळायचं असेल तर रुग्णाच्या फाइलमधला ‘एबीजी’ रिपोर्ट बघा. धमनीतल्या रक्ताचा पीएच त्यात लिहिलेला असतो.

सोड्याबाबत मात्र खरंच जपा. त्यात भरपूर सोडियम असतं, आणि हृदयाच्या रुग्णाच्या अंगात त्याने पाणी साठू शकतं. आधीच घेतला असेल तर भूलतज्ज्ञांना न संकोचता सांगा.