विझण्याच्या वेगावरून ओळख

निळे केंद्रक, हिरवे तंतू, लालभडक मायटोकॉन्ड्रिया. पेशीचे असे छायाचित्र पाहिले की बहुतेकांना वाटते, पेशी आतून खरोखरच इतकी रंगीबेरंगी असते. काही जण तर ही चित्रे ‘शरीरातल्या दिव्य तेजाचा’ पुरावा म्हणून पुढे पाठवतात. हा दावा निखालस खोटा आहे. आपल्या बहुतेक पेशी जवळपास पारदर्शक असतात. चकाकतात ती शास्त्रज्ञांनी मुद्दाम जोडलेली रंगद्रव्ये, आणि ती टिपणारा कॅमेराही बहुधा कृष्णधवल असतो. रंग मागाहून संगणकावर भरतात.

ही रंगद्रव्ये प्रतिदीप्त असतात, म्हणजे एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. अडचण अशी की हा बाहेर पडणारा प्रकाश एकाच नेमक्या तरंगलांबीचा नसतो, चांगला पसरट पट्टा असतो. दृश्य प्रकाशाची सगळी जागा सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यात चार-पाच पट्टे बसवले की ते एकमेकांवर चढू लागतात. पेशीत तर हजारो प्रकारची प्रथिने एकाच वेळी कामात असतात. त्यातली चार-पाचच पाहायची?

खलाशी रात्री दीपगृह कसे ओळखतात, ते इथे आठवावे. अनेक दीपगृहांचा प्रकाश पांढराच असतो, पण प्रत्येकाच्या उघडझापीचा ताल वेगळा. रंगद्रव्यांनाही असा ताल देता आला तर?

देता येतो. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम मोर्नर आणि सहकाऱ्यांनी हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे (हेही असेच एक रंगद्रव्य) सुटे रेणू पाहिले, तेव्हा ते लुकलुकत होते आणि शेवटी विझत होते. विझलेल्यांवर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला की ते पुन्हा उजळत. २००४ मध्ये जपानमध्ये अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने प्रवाळातील प्रथिनावरून ‘ड्रोनपा’ हे प्रकाशाने विझवता आणि पुन्हा उजळता येणारे प्रथिन तयार केले. निंजा अदृश्य होतो त्या क्रियेला जपानीत ‘ड्रोन’ म्हणतात, त्यावरून हे नाव.

ड्रोनपाच्या आत काय घडते, ते मला फार विलक्षण वाटते. प्रथिनाची साखळी पिंपासारखी वळलेली असते आणि पिंपाच्या मधोमध तीन अमिनो आम्लांपासून बनलेला रंगगट, म्हणजे प्रकाश शोषणारा भाग, असतो. त्याचे अणू तेच राहून त्याला दोन आकार घेता येतात, ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’. तो ‘सिस’ रचनेत असताना त्याच्या फिनॉल टोकाचा प्रोटॉन निघून गेलेला असतो, भोवतालचे अणू त्याला सपाट आणि घट्ट धरून ठेवतात, म्हणून शोषलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. निळा प्रकाश मिळत राहिला की कधीतरी तो एका दुहेरी बंधाभोवती वळून ‘ट्रान्स’ होतो, प्रोटॉन परत घेतो आणि सैल पडतो. आता ऊर्जा हालचालीत, उष्णतेत जाते. दिवा विझला. जांभळा प्रकाश त्याला पुन्हा सिस करतो.

हे वळणे दुर्मीळ असते. ड्रोनपा सरासरी सुमारे तीन हजार फोटॉन (प्रकाशकण) शोषते तेव्हा कुठे एकदा विझते. पण पिंपातले १५९ क्रमांकाचे मेथिओनिन हे अमिनो आम्ल काढून तिथे आकाराने लहान असे थ्रिओनिन बसवले की रंगगटाला वळायला जागा मिळते आणि तेच प्रथिन कितीतरी पटींनी लवकर विझते. रंग हिरवाच, ताल मात्र बदलला.

पुढचे काम शाळेतल्या बीजगणिताचे. समजा ‘अ’ प्रथिनाची चमक एका सेकंदात २० टक्क्यांवर येते, ‘ब’ची ८० टक्क्यांवर. एका पिक्सेलची चमक सुरुवातीला १०० होती, सेकंदाने ३८ झाली. अ + ब = १०० आणि ०.२अ + ०.८ब = ३८. सोडवा: अ ७०, ब ३०. प्रत्यक्षात अनेक चित्रे घेऊन प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण वक्र असा उकलतात. अमेरिकेतील एमआयटीच्या एड बॉयडन यांच्या गटाने २०२३ मध्ये याच मार्गाने जिवंत पेशींत एका वेळी सात रेणूंपर्यंतचा माग काढता येतो असे दाखवले.

उलट बाजूनेही हे जमते: कोण कशाने जागे होते ते पाहायचे. शास्त्रज्ञ शाओवेई झुआंग यांच्या गटाने २००७ मध्ये एकाच उजळणाऱ्या रंगद्रव्याला वेगवेगळी ‘जागवणारी’ रंगद्रव्ये जोडली. उजेड सगळ्यांचा लालच, पण कोणत्या लेसरने रेणू जागा झाला यावरून तो कोणत्या रचनेवर बसला आहे ते कळले.

यामुळे हवे ते सगळे दिसू लागले असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नये. विझण्याचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून असतो, त्यामुळे चित्राच्या कडेला उजेड कमी पडला की तिथला हिशेब चुकू शकतो. उघडझापीच्या एका फेरीपेक्षा झटपट घडणारी घटना निसटते. प्रत्येक फेरीत काही रेणू कायमचे निकामी होतात. आणि ज्या जांभळ्या प्रकाशाने दिवे पुन्हा लागतात, तोच जिवंत पेशीला इजाही करतो. म्हणून कमी ऊर्जेच्या प्रकाशाने उघडझाप करणारी प्रथिने शोधली जात आहेत.