मेंटेनन्सचा आकडा आणि चाळिशी ओलांडलेल्या सोसायट्या : पार्श्वभूमी

स्लॅबचे पोपडे पडू लागतात, सभासद एकत्र येतात, दुरुस्तीचा अंदाज मागवला जातो आणि सोसायटीच्या खात्यात त्याच्या दशांशही रक्कम नसते. महाराष्ट्रातल्या जुन्या सोसायट्यांत हे वारंवार घडतं. दोष बहुतेक वेळा चालू कमिटीच्या माथी मारला जातो, पण त्याची मुळं फार जुनी आहेत.

मुंबईत गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ मध्ये नोंदली गेली, ती रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. तिथे इमारत संस्थेची होती आणि सभासद संस्थेचे भाडेकरू. मालक कोण आणि दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

भाड्याच्या घरांचं नेमकं उलट झालं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी हात आखडता घेतला. अखेर १९६९ मध्ये उपकर घेऊन दुरुस्ती करणारं सरकारी मंडळ कायद्याने आणावं लागलं. नवी घरं भाड्याने देण्यात अर्थ उरला नाही आणि फ्लॅट विकायची पद्धत रुळली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यापाठोपाठ १९६३ चा मालकी फ्लॅटविषयक कायदा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, या बदलातून आला.

मोफाखालच्या नियमांनुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. असंख्य ठिकाणी ते झालंच नाही. लोक तीस-तीस वर्षं मेंटेनन्स भरत राहिले आणि जमिनीच्या कागदावर नाव बिल्डरचंच राहिलं. मोफातल्या २००८ च्या कायदादुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय मालकी सोसायटीच्या नावे करण्याची, वाट काढली : बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. हे काम पुनर्विकासाचा विषय निघेपर्यंत लांबवणं ही मोठी चूक आहे. मंजूर नकाशा, करारनामे, सभासदांची यादी ही कागदपत्रं दरवर्षी थोडी थोडी गहाळ होत जातात.

पैशाची खरी गोम मात्र उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, आहे. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. समजा, १९८० मध्ये फ्लॅटचा बांधकाम खर्च १ लाख रुपये होता. सिंकिंग फंड झाला वर्षाला २५० रुपये. चाळीस वर्षांत १०,००० रुपये मुद्दल. २४ फ्लॅटचे मिळून २ लाख ४० हजार. व्याज धरलं तरी एवढ्यात बाहेरचं प्लास्टर होत नाही. उपविधीत ‘किमान’ असं लिहिलेलं असतं, दर वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. पण मेंटेनन्स कमी ठेवणारी कमिटी लोकप्रिय ठरते, म्हणून तो विषय अजेंड्यावर येतच नाही.

इमारत त्यासाठी थांबत नाही. संडास-बाथरूमच्या सांध्यांतून आणि गच्चीच्या तडकलेल्या कोब्यातून पाणी झिरपतं, काँक्रीटचा क्षारधर्म हळूहळू कमी होतो, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं आवरण फोडून बाहेर येतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. सत्तरच्या दशकात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं आणि टंचाई असे. त्या काळातल्या काही बांधकामांत मालाचा दर्जा घसरला, हेही विसरता येत नाही. अशा ठिकाणी नुसता रंग देणं किंवा पडलेल्या जागी साधं प्लास्टर लिंपणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गळती आधी थांबवायची, सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज खरवडून सळईला गंजरोधक लेप द्यायचा, फार झिजलेल्या सळईला जोड द्यायची, मग पॉलिमर मिसळलेला मसाला. रंग सगळ्यात शेवटी.

सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. ऑडिटर नुसतं बघून अहवाल देत असेल तर तो स्वीकारू नये. हातोडी चाचणी (ठोक्यावरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज), कोअर म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना काढून ताकदीची तपासणी आणि सळईच्या गंजाची चाचणी यांचे आकडे त्यात असायलाच हवेत. ऑडिट करणाऱ्यालाच दुरुस्तीचं कंत्राट देऊ नये.

२०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याच वर्षी ४ जुलैच्या शासन निर्णयाने पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. तेव्हापासून अनेक कमिट्या ‘आता पाडायचीच आहे’ म्हणून दुरुस्ती थांबवतात. विकासक नेमणं, परवानग्या, घरं रिकामी करणं यात वर्षं जातात आणि तोवर लोक त्याच स्लॅबखाली राहत असतात. टेकू, गळतीबंदी आणि सज्जांची दुरुस्ती या काळातही करावीच लागते, आणि तो खर्च वार्षिक सभेत वेगळा मंजूर करून घ्यावा.